सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाने अनुदान कुठे आणि कशासाठी मागावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जव्हार तालुक्यातल्या एका गावाला सामूहिक वनहक्काचं अधिकारपत्र, म्हणजे जंगल गावाने मिळून वापरण्याच्या हक्काचा सरकारी कागद, मिळालं आहे. गावातली काही तरुण मुलं भांडुप-ठाण्याला कामाला आहेत. मोहफुलं, बांबू आणि रानभाज्या यांवर गावातच काही उभं करायचं त्यांच्या मनात आहे. मुंबईत एवढ्या कंपन्या, एवढे ट्रस्ट. त्यांच्याकडून अनुदान मिळेल का, सरकारी योजना कोणत्या, आणि अर्ज नेमका कशासाठी करायचा, हे त्यांना हवंय.

मी मुंबईत राहून या कामाच्या दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत. गावांसाठी प्रस्ताव लिहिले, आणि देणाऱ्यांच्या वतीने आलेले प्रस्ताव तपासलेही. त्यावरून सांगतो, पैसा आहे. पण तो ज्या कामासाठी सहज मिळतो आणि जंगलावरचा धंदा ज्या कामासाठी अडतो, ती दोन कामं वेगळी असतात. यंत्र, शेड, रोपं, प्रशिक्षण यांना पैसे मिळतात. हंगामात माल रोख विकत घ्यायला, वणवा अडवायला आणि पहिल्या वर्षाची तूट सोसायला मिळत नाहीत. तुमचा सगळा प्रस्ताव ही दरी कशी भरायची याभोवती बांधा.

आधी अधिकारपत्र बाहेर काढा आणि नीट वाचा. वनहक्क कायदा 2006 चा आहे, नियम 2008 चे, आणि 2012 साली त्यांत महत्त्वाची दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीनंतर सामूहिक हक्कांचं अधिकारपत्र जोडपत्र 3 मध्ये मिळतं आणि सामूहिक वनसंपत्तीचं, म्हणजे जंगल राखण्याचं आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचं, जोडपत्र 4 मध्ये. पुष्कळ गावांना वाटतं आपल्याला सगळं मिळालं, आणि हातात फक्त जोडपत्र 3 असतं. देणाऱ्याच्या वकिलाने हे पहिल्या बैठकीत विचारलं आणि उत्तर नसलं, तर फाइल तिथेच थांबते. अधिकारपत्रावर काही अटी छापल्या आहेत का, नकाशा जोडलाय का, कक्ष क्रमांक (वनविभागाने जंगलाच्या तुकड्याला दिलेला क्रमांक) आणि क्षेत्र जुळतं का, हेही बघा. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज आत्ताच टाका, कारण त्याला वेळ लागतो.

त्यानंतर नियम 4 खालची व्यवस्थापन समिती. ती ग्रामसभेने ठरावाने नेमलेली हवी, तिचं बँक खातं हवं, पॅन हवा आणि इतिवृत्ताची वही भरलेली हवी. बांबू किंवा मोह गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना हीच समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देते. तेही 2012 च्या दुरुस्तीत आलं. बांबू कायद्याने गौण वनउपज, म्हणजे लाकडाव्यतिरिक्तचा जंगलमाल, आहे, तेव्हा तो ग्रामसभेच्या मालकीचा. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली हक्क मिळाला, पण बांबूच्या परवान्याचं पुस्तक हातात यायला एप्रिल 2011 उजाडला आणि त्यासाठी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावं लागलं. तुमच्या समितीकडे परवान्याचं पुस्तक नसेल तर बांबूवर आधारलेला कुठलाही प्रस्ताव आज लिहू नका.

आता व्यवस्थापन आराखडा. बहुतेक गावं अनुदानासाठी घाईने आराखडा करून घेतात, कुणीतरी बाहेरचा येऊन लिहून देतो आणि तो कपाटात जातो. गावाने स्वतः जंगल फिरून केलेला आराखडा मराठीत, पंधरा-वीस पानांचा असला तरी चालतो. कुठे मोहाची किती झाडं, कुठे बांबूची बेटं, कुठल्या नाल्याला कधीपर्यंत पाणी, कुठल्या बाजूने वणवा येतो, कुणाची गुरं कुठे चरतात, एवढं त्यात असू द्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला 2012 मध्ये हक्क मिळाला, तेव्हा गावाने तेंदूपत्ता तोडायचा नाही असं ठरवलं, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात आणि आगी लावल्या जातात. उत्पन्नाचं एक हमखास साधन सोडून त्यांनी बांबूवर भर दिला. असा एखादा ठराव तुमच्या इतिवृत्तात असेल तर प्रस्ताव वाचणाऱ्यावर त्याचा जो परिणाम होतो, तो रंगीत छायाचित्रांनी होत नाही. आराखड्यासाठी मदत हवी असेल तर ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियानात सामूहिक वनसंपत्तीच्या व्यवस्थापनाला जागा आहे. जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन तुमचं गाव यादीत आहे का ते विचारा.

तुमच्यासाठी सगळ्यात जवळचा पैसा ग्रामपंचायतीतच आहे, आणि त्याबद्दल लोक सर्वात कमी बोलतात. जव्हार पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याच्या क्षेत्रात, येतं. 2015 पासून राज्य सरकार आदिवासी उपयोजनेतला (आदिवासींसाठी राखलेल्या तरतुदीतला) 5 टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट, अबंध म्हणजे कामाचं बंधन न घालता देतं. वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, जंगल-पाण्याचं रक्षण आणि वनावरची उपजीविका या कामांना त्यात स्पष्ट वाव आहे. प्रत्यक्षात तो बहुतेक ठिकाणी रस्ते, गटारं आणि समाजमंदिरांत जातो, कारण ग्रामसभेत आधी तयार असलेली तीच मागणी येते. तुम्ही सात-आठ जण सुट्टी काढून ग्रामसभेला हजर राहा आणि जाळरेषा (वणवा अडवायला मोकळे केलेले पट्टे), मोह वाळवायच्या जाळ्या, वजनकाटा यांचा ठराव मांडा. रक्कम लहान असेल. पण पुढे कंपनीला किंवा ट्रस्टला सांगता येतं की गावाने स्वतःच्या निधीतून इतकं घातलंय, आणि त्याला फार वजन असतं.

वन धन विकास केंद्र ही केंद्राची 2018 ची योजना आहे. एका केंद्रात वीस-वीस जणांचे पंधरा गट, म्हणजे 300 सदस्य, आणि 15 लाखांपर्यंत मदत. राज्यात हे काम शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ बघतं. एकट्या गावाचे 300 सदस्य होणार नाहीत, त्यामुळे शेजारच्या चार-पाच गावांना बरोबर घ्यावं लागेल. इथे घाई करू नका. कागदावर गट जमवून केंद्र मंजूर होतं, यंत्र येतं आणि दोन वर्षांनी कुलूप लागतं, असं बऱ्याच ठिकाणी झालंय. शहापूरच्या कातकरी तरुणांचं गुळवेलीचं काम टिकलं, कारण औषध कंपन्यांना गुळवेल लागते हे त्यांनी आधी शोधलं, माल देऊन पाहिला, आणि केंद्र नंतर आलं. गावात कातकरी वस्ती असेल तर प्रधानमंत्री जनमन योजनेतही विचारा. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेली ही योजना महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींसाठी आहे.

नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे म्हणून तिथे प्रस्ताव घेऊन जाऊ नका. तुमचा माणूस पालघरचा जिल्हा विकास व्यवस्थापक. त्यांच्या आदिवासी विकास निधीतून मुख्यत्वे वाडीचे प्रकल्प होतात, म्हणजे कुटुंबाच्या एकरभर जमिनीत आंबा-काजू आणि बांधावर जंगली झाडं. जंगलाच्या कामाला तो थेट लागू पडत नाही, पण पोट भरायला जंगलावर येणारा ताण त्याने कमी होतो. महिला गट असतील तर उमेद या राज्याच्या ग्रामीण उपजीविका अभियानाकडून फिरता निधी मिळतो. मोहाचे लाडू, जांभळाचा रस, लोणची यांसाठी सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना आहे. तिच्यात गटातल्या प्रत्येक सदस्यामागे 40,000 रुपयांपर्यंत बीज भांडवल आणि यंत्रासाठी 35 टक्के अनुदान मिळतं, पण यंत्राच्या अनुदानाला बँकेचं कर्ज जोडलेलं असतं. कर्ज फेडायची ताकद येण्याआधी ते घेऊ नका. कॅम्पाचा, म्हणजे तोडलेल्या जंगलाच्या भरपाईसाठी जमा झालेला, पैसा मोठा आहे, 2019 मध्ये केंद्राने राज्यांना 47,000 कोटींहून जास्त रक्कम दिली, पण तो वनविभागामार्फतच खर्च होतो. तुमच्या जंगलात कॅम्पातून रोपवन घालायचं कुणी म्हणालं तर आधी ग्रामसभेचा ठराव मागा आणि जातींची यादी तुम्ही द्या.

मुंबईतला खरा शोध कंपन्यांच्या सीएसआरचा (सामाजिक जबाबदारीच्या निधीचा) आणि जुन्या ट्रस्टचा. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. पर्यावरण, उपजीविका आणि ग्रामविकास हे तिन्ही विषय अनुसूची 7 मध्ये आहेत. अडचण अशी की कंपनी सहसा ग्रामसभेला थेट पैसे देत नाही. ती नोंदणीकृत संस्थेला देते, जिच्याकडे 12अ आणि 80जी या आयकराच्या नोंदण्या आणि सीएसआरचं काम घेण्यासाठीचा सीएसआर-1 क्रमांक असतो आणि तीन वर्षांचं काम दाखवता येतं. म्हणजे मधे एक संस्था लागणार. ती निवडताना भावनेवर जाऊ नका. तिचे तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागा. संस्था नोंदणीकृत न्यास असेल तर हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे भरलेले असतात. संस्था आणि समिती यांच्यात लेखी करार करा, आणि त्यात तीन गोष्टी नक्की लिहा: दर तिमाहीचा हिशेब ग्रामसभेत वाचला जाईल, खरेदी गावाच्या ठरावाने होईल, आणि घेतलेली मालमत्ता कुणाच्या नावावर राहील.

या शेवटच्या मुद्द्यावर गावं नेहमी फसतात, म्हणून जरा थांबतो. सीएसआरच्या पैशातून घेतलेलं वाहन किंवा यंत्र संस्थेच्या नावावर राहतं, प्रकल्प संपतो आणि ते दुसऱ्या जिल्ह्यात जातं. 2021 च्या सुधारित नियमांप्रमाणे अशी भांडवली मालमत्ता लाभार्थ्यांच्या बचत गटाच्या किंवा सामूहिक संस्थेच्या नावावरही ठेवता येते. कंपनीच्या अधिकाऱ्याला हे माहीत असतंच असं नाही. नियम 7 दाखवा आणि करारात तुमच्या गटाचं नाव घाला. दुसरी नेहमीची अडचण 5 टक्क्यांची. 'आम्ही व्यवस्थापन खर्चाला 5 टक्क्यांच्या वर देऊ शकत नाही' असं ऐकायला मिळतं. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला आहे. गावात राहून काम करणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार, देखरेख आणि हिशेबनीस हा प्रकल्पाचा खर्च आहे आणि त्याला ही मर्यादा लागत नाही. हे शांतपणे, लेखी सांगा. हिशेबनिसाचा पगार काटून घेतलेला प्रकल्प दुसऱ्या वर्षी हिशेबातच अडकतो.

मुंबईतली एखादी संस्था म्हणाली की आम्हाला परदेशी निधी येतो, त्यातला तुमच्या संस्थेला देतो, तर तसं होत नाही. परदेशी देणगी कायद्यात 2020 साली बदल झाल्यापासून एका संस्थेने दुसरीला तो पैसा देणं बंद आहे. तिला तुमच्या गावात स्वतःच खर्च करावा लागेल.

कंपनीला झाडांचा आकडा हवा असतो. पन्नास हजार रोपं, खड्डे, फलक, पाहुण्यांच्या हस्ते लागवड. तुमच्या जंगलाला बहुधा त्याची गरज नाही. पश्चिम घाटाच्या उतारावर ऐन, साग, मोह, हेद यांची खुंटं जमिनीत जिवंत असतात. दोन-तीन उन्हाळे वणवा आणि चराई रोखली की त्यांना आपोआप फुटवा येतो. मग प्रत्येक खुंटावरचे तीन-चार दणकट फुटवे ठेवून बाकीचे काढायचे, घाणेरीचं तण उपटायचं, आणि जिथे काहीच उरलं नाही तिथेच रोपं लावायची. हे काम रोपवनापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ आहे, पण त्यात फलक लावण्यासारखं काही नसतं. म्हणून प्रस्तावात मोजमाप वेगळं द्या: किती हेक्टर वणव्यापासून वाचले, मोजणीसाठी जंगलात आखून ठेवलेल्या पाच चौकटींत दर वर्षी किती फुटवे मोजले, पाणी किती महिने टिकलं. त्याच चौकटींची छायाचित्रं दर डिसेंबरला एकाच जागेवरून काढा. देणाऱ्यालाही अहवालात काहीतरी ठोस लागतं, आणि हे ठोस आहे.

मोहाचा हिशेब मात्र प्रत्यक्ष आकड्यांत मांडा, कारण धंदा बुडतो तो इथेच. मोह मार्च-एप्रिलमध्ये पडतो. बाई पहाटे टोपली घेऊन जाते, वेचते, अंगणात वाळवते आणि वाळला की विकते, कारण घरात पैसा लागतो. व्यापारी दारात येऊन रोख देतो. तुमचा गट 'पुढच्या महिन्यात देतो' म्हणाला तर माल व्यापाऱ्याकडेच जाणार, आणि त्यात तिची काही चूक नाही. केंद्राने 2020 मध्ये वाळलेल्या मोहफुलांचा किमान आधारभूत भाव 30 रुपये किलो केला. तो धरून पाच टन घ्यायचे तर दीड लाख रुपये रोख हवेत, तेही पाच-सहा आठवड्यांत. गोणपाट, हमाली, टेम्पो, गोदामातली घट आणि विक्री होईपर्यंतचे महिने वेगळे. माझ्यासमोर आलेल्या प्रस्तावांत यंत्राला दहा-बारा लाख आणि खरेदीच्या रकान्यात शून्य, असं चित्र वारंवार दिसतं. यंत्र मग कुणासाठी चालणार?

म्हणून देणाऱ्याकडे खेळतं भांडवल मागा, त्याच नावाने. रक्कम समितीच्या वेगळ्या खात्यात राहील, फक्त खरेदीसाठी निघेल, विक्री झाली की परत भरली जाईल, आणि कुणालाही वैयक्तिक उसने दिली जाणार नाही, असा ग्रामसभेचा ठराव प्रस्तावाला जोडा. कंपन्या याला कचरतात, कारण खर्च झाल्याची पावती लगेच मिळत नाही. जुने ट्रस्ट तुलनेने ऐकून घेतात. पहिल्या वर्षी निम्मी रक्कम, ती परत भरलेली दाखवली की उरलेली, अशी मांडणी केली तर संमती मिळायची शक्यता वाढते.

माल साठवण्याचंही त्याच प्रस्तावात लिहा. मोह मुठीत दाबून सोडला की मोकळा झाला पाहिजे. गोळा राहिला तर तो गोदामात घ्यायचा नाही. जमिनीवर वाळवलेल्या मोहात माती आणि खडे येतात, म्हणून झाडाखाली जाळी बांधणं हा सगळ्यात फायद्याचा खर्च आहे. जाळी आली की झाडाखालचा पाचोळा जाळायची गरज उरत नाही, आणि वणव्याचं एक मोठं कारणही जातं. जव्हारचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्यात मोह ओल धरतो, आंबतो, त्याला कीड लागते. बांबूच्या माच्यावर, भिंतीपासून हातभर लांब, बंद डब्यात किंवा आतून प्लास्टिक असलेल्या गोण्यांत तो ठेवा. गोदाम गावठाणात किंवा ग्रामपंचायतीच्या जागेवर बांधा. वनहक्काच्या जमिनीवर शेड उभी केली तर वनेतर वापराचा प्रश्न येतो आणि सगळा प्रकल्प अडकतो.

रानभाज्यांना अनुदान मागू नका. दादरला पावसाच्या पहिल्या आठवड्यांत शेवळं, टाकळा, कुर्डू, पुढे करटोली घेऊन बायका पहाटे येतातच आणि संपवून जातात. तुमचे लोक भांडुप-ठाण्याला राहतात. तीस-चाळीस मराठी कुटुंबांची आठवड्याची मागणी आधी घ्या, दोन क्रेट आणि एक टेम्पो, एवढ्यावर हे चालतं. त्यातून पहिल्याच वर्षी जे विक्रीचं वहीखातं तयार होतं, ते पुढच्या मोठ्या अर्जाला जोडता येतं. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरने आपल्या सामूहिक जंगलातली सीताफळं अशीच मुंबईच्या बाजारापर्यंत आणली. उमेदच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात गटाला जागा मिळाली तर तीही घ्या. माल विकला जातो, शिवाय पुढचे ग्राहकही भेटतात.

दोन प्रकारच्या लोकांपासून जपा. एक, 'अनुदान मंजूर करून देतो, दहा टक्के आधी द्या' म्हणणारे. कुठलाही ट्रस्ट किंवा सरकारी कार्यालय यासाठी मध्यस्थ नेमत नाही. दुसरे, जंगलाच्या कार्बनचे (झाडं हवेतला कार्बन शोषतात त्याच्या मोबदल्याचे) पैसे देऊ म्हणून वीस-तीस वर्षांचे इंग्रजी करार पुढे करणारे. कार्बनचा व्यवहार मुळात वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, पण तुमचं व्यवस्थापन अजून बसलेलं नाही. करार मराठीत मागा, ग्रामसभेत ओळ न ओळ वाचा, आणि पहिली तीन वर्षं कशावरही सही करू नका.

वेळापत्रकाचं शेवटी सांगतो. कंपनीचं वर्ष 31 मार्चला संपतं आणि जंगलाचं कामाचं वर्ष त्याच्या आगेमागेच सुरू होतं. जानेवारी-फेब्रुवारीत अचानक फोन येतो, पैसे शिल्लक आहेत, लगेच प्रस्ताव द्या. तो पैसा मार्चअखेर हातात येतो, तोवर अर्धा मोह पडून गेलेला असतो आणि रोपं लावायला जून लागतो. त्यामुळे पुढच्या मोहाच्या हंगामासाठी अर्ज आदल्या ऑगस्टमध्ये गेला पाहिजे, जाळरेषा डिसेंबर-जानेवारीत काढून झाल्या पाहिजेत आणि खरेदीची रक्कम फेब्रुवारीत खात्यात असली पाहिजे. तीन वर्षांचा चालू प्रकल्प म्हणून मंजुरी मागा. असा प्रकल्प असेल तर कंपनीला न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढे वापरता येते, आणि मार्चअखेरची घाई तुमच्यावर येत नाही.

पहिला अर्ज दोन पानांचा ठेवा. गावाचं नाव, क्षेत्र, अधिकारपत्राचा क्रमांक, गावाने आजवर स्वतः काय केलं, तीन वर्षांत काय करायचं, त्यातलं गाव स्वतः किती घालणार, आणि तुमच्याकडून किती हवं. ग्रामसभेचा ठराव मराठीतच असू द्या, हजेरीच्या सह्या आणि अंगठ्यांसकट. सोबत अर्ध्या पानाचा इंग्रजी गोषवारा जोडा. मोठा आराखडा, अंदाजपत्रक आणि छायाचित्रं त्यांनी मागितली की पाठवा. भेटीला बोलावलं तर फोर्ट किंवा बीकेसीच्या कार्यालयात तुम्ही मुंबईतली मुलं एकटी जाऊ नका. समितीच्या अध्यक्षांना आणि मोह वेचणाऱ्या एका बाईंना बरोबर न्या, आणि भाव, घट, वणवा याबद्दलचे प्रश्न त्यांनाच उत्तर देऊ द्या.